घड्याळ, गाडी आणि गर्दी

आगगाडी वेळेवर सुटणे ही आज प्रवाशाची सोय समजली जाते. रेल्वेच्या पहिल्या काही दशकांत मात्र तो जिवाचा प्रश्न होता. १८३० मध्ये इंग्लंडात लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग सुरू झाला तेव्हा एकामागून एक धावणाऱ्या दोन गाड्यांत अंतर राखण्याचे साधन घड्याळ एवढेच होते. एक गाडी गेली की मार्गावर उभा असलेला रेल्वेचा पोलीस ठरावीक मिनिटे पुढची गाडी अडवून धरी, नंतरची काही मिनिटे तिला जपून जाण्याची खूण करी, आणि त्यानंतर मार्ग मोकळा झाला असे धरून चाले. पुढे गेलेली गाडी वाटेतच बंद पडली असेल तर ते त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. एकेरी मार्गावर तर समोरून येणाऱ्या गाडीसाठी कोणी कोठे थांबून राहायचे हेसुद्धा वेळापत्रकच सांगे. अशा व्यवस्थेत उशीर म्हणजे अपघाताला निमंत्रण.

या पद्धतीचा शेवट आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ झाला. १२ जून १८८९ रोजी रविवारच्या धर्मशिक्षण शाळेतील मुलांना सहलीला नेणारी गाडी चढावर अडली. पुढचे काही डबे आधी वर नेऊन ठेवावेत म्हणून गाडी तोडली गेली आणि मागचे डबे उताराने घरंगळत खाली गेले. ठरलेल्या वेळाने मागून सोडलेली नेहमीची गाडी त्याच मार्गावर वर येत होती. सुमारे ८० माणसे दगावली, त्यांत पुष्कळशी मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून मार्गाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी हे तत्त्व आणि प्रवासी गाड्यांच्या सर्व डब्यांना लागणारा आपोआप चालणारा ब्रेक सक्तीचा केला. गाड्यांमधले अंतर आता मिनिटांनी नव्हे तर सिग्नलने राखले जाऊ लागले. वक्तशीरपणा सुरक्षिततेपासून सुटा झाला तो येथे. त्यानंतर उशिराने माणसे मरेनात, खोळंबू लागली.

घड्याळावर गाड्या चालवायच्या तर घड्याळे एकमेकांशी जुळायला हवीत. ती जुळत नव्हती. सूर्य माथ्यावर आला की बारा, या हिशेबाने प्रत्येक गाव आपापली वेळ पाळत असे. ब्रिस्टल लंडनच्या सुमारे १० मिनिटे मागे होते. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने नोव्हेंबर १८४० पासून आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली आणि १८४८ पर्यंत बहुतेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. गावांनी एवढी घाई केली नाही. ब्रिस्टलच्या धान्यबाजाराच्या इमारतीवरील घड्याळाला गावच्या वेळेसाठी एक आणि लंडनच्या वेळेसाठी एक असे दोन मिनिटकाटे बसवले गेले, ते अजून पाहायला मिळतात. कायद्याने देशभर एक वेळ व्हायला १८८० साल उजाडले. म्हणजे चाळीस वर्षे रेल्वेची वेळ हीच राष्ट्राची वेळ होती, फक्त तिला कायद्याचा आधार नव्हता.

अमेरिकेत सरकारने याहून जास्त वाट पाहिली. तिथल्या रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आपसांत ठरवून देशाचे वेळपट्टे पाडले. अनेक गावांत त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. सरकारी कायदा आला तो १९१८ मध्ये. दरम्यान १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टन येथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका कर्मचाऱ्याचे खिशातले घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते आणि ते त्याच्या लक्षात आले नव्हते. या अपघातानंतर वेब बॉल या क्लीव्हलंडच्या घड्याळजीने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घड्याळांची नियमित तपासणी सुरू केली. आठवड्याला तीस सेकंदांहून अधिक फरक पडणारे घड्याळ नोकरीवर चालत नसे.

जर्मनीत एक वेळ व्हावी म्हणून १८९१ मध्ये संसदेत आग्रह धरला तो वृद्ध सेनापती मोल्टके याने. सैन्याची जमवाजमव रेल्वेने करताना पाच वेगवेगळ्या वेळा सांभाळणे त्याला परवडत नव्हते. १ एप्रिल १८९३ पासून ती मागणी अमलात आली. फ्रान्सचा तोडगा सर्वांत मजेदार होता. तिथे स्थानकाच्या दर्शनी भागावरचे घड्याळ पॅरिसची वेळ दाखवी आणि फलाटावरचे त्याच्या पाच मिनिटे मागे असे. गाड्या फलाटावरच्या घड्याळाप्रमाणे सुटत. धावतपळत आलेल्या प्रवाशाच्या पदरात राष्ट्राने पाच मिनिटे अधिकृतपणे टाकलेली होती. ही सवलत १९११ पर्यंत टिकली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून सुटणाऱ्या उपनगरी गाड्या फलकावरील वेळेनंतर बरोबर एक मिनिटाने निघतात, ती याच कुळीची प्रथा म्हणावी लागेल.

हिंदुस्थानात १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली ती दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी. प्रहर आणि घटकांनी दिवस मोजणाऱ्या समाजाच्या इतिहासात एखाद्या घटनेची मिनिटापर्यंत झालेली ही नोंद गाडीइतकीच नवी होती. पुढे मार्ग जोडले गेले तशी देशातल्या रेल्वेने १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ एकसामायिक म्हणून स्वीकारली. ती मुंबईच्या वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे होती, म्हणजे शहरातल्या घड्याळावर विसंबून निघालेल्याची गाडी हमखास चुकायची. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबई शहरावर लादून पाहिली. विरोध इतका झाला की दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून सध्याची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईच्या मूळ वेळेशी तिचा फरक ३९ मिनिटांचा होता. गिरणीचा भोंगा तेवढा लवकर होणार म्हणून त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, आणि फिरोजशहा मेहतांच्या पुढाकाराने महापालिकेने आपल्या घड्याळांवर ‘बॉम्बे टाइम’ कायम ठेवला. तो १९५५ पर्यंत चालला. जवळजवळ अर्धे शतक स्थानकात एक वेळ आणि महापालिकेच्या घड्याळात दुसरी, असा संसार या शहराने केला.

घड्याळे जुळवणे सोपे होते. माणसांना वळण लावणे कठीण गेले. घोडागाडी प्रवाशासाठी थांबत असे, ओळखीचा गाडीवान हाक मारून बोलावतही असे. आगगाडी थांबणार नाही हे लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. सुरुवातीच्या कंपन्यांनी यावर शोधलेले उपाय आज पाहता धाकाचेच वाटतात. गाडी सुटण्याआधी काही मिनिटे स्थानकाचे दार लावून घ्यायचे, तिकीट घेतल्याशिवाय फलाटावर येऊ द्यायचे नाही, आणि काही देशांत तर प्रवासी बसल्यावर डब्याला बाहेरून कुलूप घालायचे. या कुलपाची किंमत ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीतल्या प्रवाशांनी मोजली. इंजिनाचा आस तुटून डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि बंद डब्यांतून लोकांना बाहेर पडता आले नाही. मृतांमध्ये दक्षिण ध्रुव प्रदेशाचा शोध घेऊन आलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्युर्व्हिल सपत्नीक होता. त्यानंतर फ्रान्समध्ये डब्यांना कुलपे घालणे बंद झाले.

माणसांना वळण लावण्याचा हा प्रश्न पुढे जपानपुढेही आला. तिथली रेल्वे १४ ऑक्टोबर १८७२ रोजी शिंबाशी ते योकोहामा या मार्गावर सुरू झाली. तोवर जपानात दिवस आणि रात्र यांचे प्रत्येकी सहा भाग पाडत. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबे, हिवाळ्यात आखडे. वेळ कळे ती देवळाच्या घंटेवरून, आणि घंटेने कळणाऱ्या वेळेत मिनिटाला जागा नव्हती. पाश्चात्त्य दिनदर्शिका आणि चोवीस समान तासांचा दिवस जपानने १८७३ च्या प्रारंभापासून स्वीकारला, म्हणजे गाडी आधी आली आणि तिला लागणारी वेळ मागून. रेल्वेने काढलेल्या सूचनापत्रात प्रवाशांनी सुटण्याच्या किमान पंधरा मिनिटे आधी स्थानकात येऊन तिकीट घ्यावे असे बजावले होते. त्याच पत्रात गाड्या दिलेल्या वेळेवरच सुटतील-पोहोचतील याची हमी मात्र देता येत नाही, असेही प्रामाणिकपणे लिहिलेले होते.

ती हमी पुढली चाळीसएक वर्षे खरोखरच देता आली नाही. मेजी सम्राटाच्या काळाच्या उत्तरार्धात जपानी गाड्या वीस-तीस मिनिटे उशिरा धावणे नित्याचे होते आणि वर्तमानपत्रे त्यावर तक्रारी छापत. जपानी माणूस जात्याच वक्तशीर असतो हा समज जगभर इतका रुजला आहे की ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बदल घडला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत, आणि तो घडवला रेल्वेच्या अभियंत्यांनी व चालकांनी. युकी नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या हाताखालील इंजिनचालकांना मार्गालगतची झाडे, पूल, घरे यांच्या खुणा धरून, अमुक खुणेपाशी गाडी अमुक सेकंदाला असावी अशा हिशेबाने चालवायला शिकवले. वेगमापक नसलेल्या वाफेच्या इंजिनांवर हे शिक्षण दिले जात होते. याच युकींनी पुढे १९३० मध्ये सुरू झालेल्या टोकियो–कोबे ‘त्सुबामे’ या जलद गाडीची आखणी केली. शाळा, कारखाने आणि सरकारही याच सुमारास वेळेच्या मागे लागले होते. १९२० पासून १० जून हा दिवस जपानात ‘वेळ दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. स्वभाव उपजत असता तर त्यासाठी दिवस पाळण्याची गरज भासली नसती.

प्रवाशांच्या शिस्तीचेही असेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत टोकियोतून खेड्यांकडे धान्य आणायला निघालेली माणसे गाड्यांच्या खिडक्यांतून आत शिरत, दारांना लोंबकळत, इंजिनावरही बसत. १९५० च्या दशकात शिंजुकू स्थानकात गर्दीला आत ढकलण्यासाठी माणसे नेमावी लागली. सुरुवातीला हे काम विद्यार्थी फावल्या वेळात करत. आणि १९७३ मध्ये, जेव्हा सरकारी रेल्वेच्या संघटनांनी नियमावर बोट ठेवून काम संथ करण्याचे आंदोलन पुकारले, तेव्हा १३ मार्च रोजी टोकियोच्या उत्तरेला आगेओ स्थानकात कामावर निघालेल्या प्रवाशांनी गाडीची मोडतोड केली. २४ एप्रिलला हीच लागण राजधानी परिसरातल्या तीसहून अधिक स्थानकांत पसरली. दगडफेक झाली, आगी लावल्या गेल्या. नऊ वर्षांपूर्वीच, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, याच देशात शिंकान्सेन ही अतिजलद गाडी सुरू झाली होती आणि सुरुवातीलाच ती टोकियोहून ओसाकाला चार तासांत पोहोचत होती.

फलाटावर आखलेल्या खुणांमागे दोन-तीनच्या रांगेत उभे राहणारे, उतरणाऱ्यांना आधी वाट देणारे, डब्यात फोनवर न बोलणारे जपानी प्रवासी जगाच्या ओळखीचे आहेत. त्यामागे खुणेवर दार यावे अशा बेताने गाडी थांबवणारा चालक असतो आणि पुढची गाडी दोन-तीन मिनिटांत येणार ही खात्री असते. दार कोठे येईल हे ठाऊक नसेल तर रांग लावणार तरी कोठे? शिंकान्सेनचे अंतर्गत वेळापत्रक १५ सेकंदांच्या हिशेबाने आखतात. गाडीला पाच मिनिटांहून अधिक उशीर झाला तर कचेरीत किंवा शाळेत दाखवण्यासाठी प्रवाशांना उशिराचा दाखला मिळतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्सप्रेस कंपनीने एक गाडी वीस सेकंद आधी सुटल्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांना हसू आवरेना. त्या कंपनीचे बरोबर होते. उशिरा सुटलेली गाडी सर्वांना मिळते, आधी सुटलेली वेळेवर आलेल्यालाच चुकते.

याच कर्तबगारीची दुसरी बाजू २५ एप्रिल २००५ रोजी ओसाकाजवळ आमागासाकी येथे उघडी पडली. आधीच्या स्थानकात गाडी फलाटाच्या पुढे गेल्यामुळे ती मागे घ्यावी लागली आणि सुमारे दीड मिनिट उशीर झाला. २३ वर्षांचा चालक तो भरून काढण्याच्या नादात ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ११६ च्या वेगाने शिरला. गाडी रुळांवरून उडून इमारतीत घुसली. चालकासह १०७ जण मेले. चौकशीत चर्चा झाली ती उशीर करणाऱ्या चालकांना कंपनी देत असलेल्या ‘फेरशिक्षणा’ची. त्यात दिवसचे दिवस कबुलीजबाब लिहिणे, अपमान सहन करणे असे प्रकार होते. आर्मा येथे घड्याळावर विसंबल्याने माणसे मेली होती, येथे घड्याळाच्या धाकाने. अपघातानंतर कंपनीने त्या भागातील वेळापत्रक सैल केले, आणि वळणांवर वेग आपोआप आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बसवली गेली.

स्वित्झर्लंडने याच कोड्याचे उत्तर वेगळ्या अंगाने शोधले. तिथल्या रेल्वेच्या दृष्टीने एकटी गाडी वेळेवर असणे पुरेसे नसते, तिला जोडून पुढली गाडी मिळाली पाहिजे. २३ मे १९८२ पासून देशभर दर तासाला ठरल्या मिनिटाला गाडी सुटेल असे वेळापत्रक लागू झाले. १९८७ मध्ये नागरिकांनी मतदान करून ‘रेल्वे २०००’ या योजनेला मंजुरी दिली. तिचे तत्त्व असे की मोठ्या स्थानकांत सर्व दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या जरा आधी पोहोचाव्यात, प्रवाशांनी गाड्या बदलाव्यात, आणि तास भरल्यावर सगळ्या निघाव्यात. त्यासाठी दोन मोठ्या स्थानकांतले अंतर तासाहून थोडे कमी वेळात कापले गेले पाहिजे. बर्न–झुरिक प्रवास ५६ मिनिटांवर आणण्यासाठी नवा मार्ग बांधला, आणि डिसेंबर २००४ मध्ये पूर्ण वेळापत्रक अमलात आले. त्याहून वेगाने जाणे फुकट गेले असते, कारण लवकर पोहोचून पुढच्या गाडीची वाटच पाहायची होती. आधी वेळापत्रक आणि मग त्याला लागतील तेवढेच रूळ, हा क्रम इतर देशांना अजून नीट साधलेला नाही. स्विस स्थानकांवरचे हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ मध्ये आखलेले घड्याळ याच वृत्तीचे आहे. त्याचा लाल सेकंदकाटा सुमारे ५८.५ सेकंदांत फेरी पुरी करून बाराच्या खुणेवर थांबतो, मुख्य घड्याळाकडून विजेचा इशारा आला की सगळ्या स्थानकांतले मिनिटकाटे एकदम पुढे सरकतात, आणि मग तोही निघतो.

शेजारच्या जर्मनीत चित्र उलट झाले आहे. वक्तशीरपणाबद्दल ज्यांचा दाखला दिला जाई त्या जर्मन रेल्वेच्या २०२४ मधील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि त्यातही सहा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवर धरला जातो. रद्द झालेल्या गाड्या हिशेबात येतच नाहीत. जर्मन माणसाचा स्वभाव एका पिढीत बदलला असे कोणी म्हणणार नाही. बदलले ते रूळ, सांधे आणि सिग्नल, ज्यांच्या दुरुस्तीवर वर्षानुवर्षे पुरेसा पैसा खर्च झाला नाही, आणि त्याच मार्गांवर गाड्या मात्र वाढत गेल्या. उशिरा येणाऱ्या जर्मन गाड्या स्विस रेल्वे बाझेलच्या सीमेवरच थांबवते आणि प्रवाशांना आपल्या गाडीत बसवून पुढे नेते, नाहीतर तो उशीर आपल्या सगळ्या जोडण्यांत शिरेल. स्विस लोक तीन मिनिटांच्या आत आलेलीच गाडी वेळेवर मानतात, ब्रिटनमध्ये पूर्वी लांबच्या गाडीला दहा मिनिटांची मुभा होती आणि आता स्थानकागणिक मिनिटाचा हिशेब ठेवतात. देशोदेशींच्या टक्केवाऱ्या शेजारी मांडणारे तक्ते म्हणूनच फारसे कामाचे नसतात.

हुकूमशहा गाड्या वेळेवर आणतात ही कथा मुसोलिनीच्या नावावर आहे. इटलीच्या रेल्वेची पहिल्या महायुद्धात झालेली पडझड दुरुस्त करण्याचे काम त्याच्या सत्तेआधीच सुरू झाले होते. त्याच्या काळात परदेशी पाहुण्यांच्या मुख्य मार्गांवरील गाड्या बऱ्या धावत, बाकीच्यांबद्दल बोलण्याची सोय नव्हती. भारतात १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत हेच प्रशस्तिपत्र पुन्हा वाचले गेले. त्याआधीच मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा प्रचंड संप होऊन मोडून काढला गेला होता, हे त्या तुलनेत विसरले जाते. संपाच्या वर्षाशी तुलना केली तर पुढचे कोणतेही वर्ष वक्तशीर भासेल.

भारतीय प्रवाशाच्या वागण्यावर युरोपीय लेखकांनी एकोणिसाव्या शतकापासून भरपूर लिहिले. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी आदल्या रात्रीच येऊन मुसाफिरखान्यात पथाऱ्या पसरतात आणि गाडी आली की तुटून पडतात, हा त्यातला नेहमीचा आरोप. तिकिटाची खिडकी गाडी येण्याच्या थोडाच वेळ आधी उघडे आणि डबे माणसांच्या मानाने नेहमी अपुरे असत, हे त्यांतल्या थोड्यांनीच टिपले. घरी घड्याळ नसलेल्या माणसाने आदल्या रात्री येऊन बसणे हा शुद्ध व्यवहार होता. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक पुस्तिका लिहिली. तीत त्यांनी रेल्वेला धारेवर धरले आणि डबा घाण करणाऱ्या, आत येणाऱ्याला अडवणाऱ्या प्रवाशांनाही सोडले नाही. दोष वाटून देण्याचा त्यांचा हिशेब बहुतेक परदेशी टीकाकारांपेक्षा चोख आहे. माहिती शेवटच्या क्षणी दिली की श्रीमंत देशातही झुंबड उडते. न्यूयॉर्कच्या पेन स्थानकात गाडीचा फलाट सुटण्याच्या जेमतेम काही मिनिटे आधी जाहीर होतो, आणि तोवर फलकाकडे डोळे लावून बसलेला जमाव एका जिन्याकडे धावत सुटतो.

मुंबईच्या उपनगरी गाडीत हे सगळे धागे एकत्र येतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची गाडी सुरू झाली. विजेच्या गाडीला वेग घ्यायला आणि थांबायला कमी वेळ लागतो, त्यामुळे गाड्या जवळजवळ सोडता येऊ लागल्या आणि शहर उत्तरेकडे पसरले. करोनापूर्व काळात या जाळ्यावरून दिवसाला ७५ लाखांच्या आसपास प्रवास होत. गर्दीच्या वेळी चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे उभी असतात. येथे गाडी मिनिटाने ओळखली जाते. ‘सात बावन्नची’, ‘आठ तेराची कर्जत’ असे म्हटले की डबा, दार, सोबतचे चेहरे सगळे आले. डबेवाल्यांचा सुमारे १८९० पासूनचा धंदाही याच मिनिटांवर उभा आहे. लगेजच्या डब्यात डब्यांची चळत चढवायला त्यांना अर्ध्या मिनिटाहून थोडाच जास्त वेळ मिळतो. पुणे–मुंबई मार्गावर १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनभोवती तर पासधारकांचा एक समाजच तयार झाला. गाडीचा वाढदिवस ते दरवर्षी पुणे स्थानकात साजरा करतात.

फलाटावरची रेटारेटी पाहून मुंबईकराला बेशिस्त ठरवणे सोपे आहे. तोच माणूस स्थानकाबाहेर येऊन बेस्टच्या थांब्यावर किंवा शेअर रिक्षासाठी मुकाट रांगेत उभा राहतो. जून २०१४ मध्ये घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवसांत लोक फलाटावरच्या रेघांप्रमाणे उभे राहू लागले. लोकल मात्र वीस-तीस सेकंद थांबते, दार कोठे येईल याचा अंदाज अनुभवानेच बांधावा लागतो, आणि ही गेली तर पुढची रिकामी असेल अशी आशा नसते. अशा ठिकाणी रांग लावणारा त्याच जागी राहील. डब्याच्या आत मात्र नियम आहेत आणि ते कडक आहेत. बसलेल्याला ‘कुठे?’ असे विचारून त्याच्या जागेवर आधीच हक्क सांगता येतो आणि तो हक्क सगळे मानतात. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मागितली की सरकून द्यावीच लागते. उतरणारे दोन स्थानके आधीपासून दाराकडे क्रमाने सरकतात. विरार गाडीत बोरिवलीच्या प्रवाशाने चढू नये हा अलिखित कायदा तर पोलिसांनाही मोडता आलेला नाही. भजनी मंडळे, दसऱ्याला डब्याची पूजा, वाटेत निवडली जाणारी भाजी हे त्या दररोजच्या तास-दीड तासाचे संसारीकरण आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाल्यावर त्याला स्त्रियांची हक्काची जागाही लाभली.

या व्यवस्थेचा तोल उशिराने ढळतो. २ जानेवारी २०१५ रोजी सकाळी तांत्रिक बिघाडाने मध्य रेल्वे खोळंबली तेव्हा दिवा स्थानकात प्रवाशांनी रूळ अडवले, दगडफेक केली, वाहने पेटवली. आगेओच्या प्रसंगाशी त्याचे साम्य चकित करणारे आहे. दोन्हीकडे मुख्य शहरापासून दूर, स्वस्त घरांच्या उपनगरात राहणारी, वेळेत हजेरी लागली नाही तर पगार कापला जाणारी माणसे होती. मध्य मार्गावरच्या उशिराचे एक जुने कारणही दिव्यासारख्या ठिकाणांच्या फाटकात होते. रस्त्यावरची वाहने जाईपर्यंत गाडी सिग्नलला उभी राहायची, आणि एकीचा उशीर मागच्या सगळ्यांना लागायचा.

उघडी दारे हा मुंबईच्या वेळापत्रकाचा न लिहिलेला भाग आहे. गाडी पुरती थांबण्याआधी लोक उतरतात, सुटल्यावरही चढतात, म्हणूनच वीस-तीस सेकंदांत शेकडोंची अदलाबदल होते. त्याची किंमत मोठी आहे. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून या मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरत आली आहेत. बंद दारांची पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम मार्गावर धावू लागली. तिकीट महाग, आणि गर्दीत दार लागेना म्हणून गाडी खोळंबण्याचे प्रकार सुरुवातीपासून घडले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यात काहींचा मृत्यू झाल्यावर रेल्वेने सर्व नव्या लोकल आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या बनवण्याचे आणि चालू गाड्यांनाही तशी दारे बसवण्याचे जाहीर केले. बिगरवातानुकूलित डब्यांत हवा खेळती राहावी म्हणून त्यांच्या रचनेत बदल करावे लागणार आहेत. दार लावण्या-उघडण्याला प्रत्येक स्थानकात काही सेकंद अधिक लागतील, आणि तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या धावणाऱ्या मार्गावर ते सेकंद मावण्यासाठी थांबण्याच्या वेळा, गाड्यांची संख्या आणि सिग्नल यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.